टाकीतलं पाणी

आमच्या महाडच्या घराला दोन वास होते. एक सुकटीचा आणि दुसरा पेट्रोलचा. पेट्रोल तेव्हा डब्यांतून येई. लाकडी खोक्यांत बसवलेले ते चौकोनी डबे मुंबईहून आगबोटीने बाणकोटला उतरत, तिथून आमच्याच लाँचमधून सावित्री नदी चढून महाडच्या बंदराला लागत आणि शेवटी आमच्या पडवीत रचले जात. दुपारच्या उन्हाने डबे फुगत आणि संध्याकाळी निवताना एकेक करून 'टण' असा आवाज करत. पाहुणे त्या आवाजाने दचकत, आम्हाला तो ऐकू येत नसे. आई त्या डब्यांना नानांची जहागीर म्हणे. नाना म्हणजे माझे वडील. डब्यांच्या भीतीने तिने चूल पडवीपासून दूर, परसदारी हलवून घेतली होती, त्यामुळे भाकरी पानात येईपर्यंत निवलेली असे. नानांनी त्यावर कुरकुर केली की ती म्हणे, "गरम हवी असेल तर चूल आणते पुढे. मग भाकरीच काय, सगळं घरच गरम होईल." रिकाम्या डब्यांवर मात्र तिचं प्रेम होतं. तांदूळ डब्यात, आंबोशी डब्यात, तुळस डब्यात, आणि न्हाणीघराचं छप्पर डबे उलगडून ठोकलेल्या पत्र्याचं.

नानांकडे एक जुनी मोटार होती. पुण्याच्या कुणा साहेबाने वापरून टाकलेली ती गाडी त्यांनी आणली, तिचा मागचा भाग काढला आणि महाडच्या सुताराकडून त्यावर बाकं आणि ताडपत्रीचं छप्पर बसवून घेतलं. ती महाड ते पोलादपूर माणसं आणि हिरड्याची पोती वाहायची. लाँचमध्ये नानांची अर्धी भागी होती, अर्धी अब्बास तांडेलांची. आम्ही मुलं त्यांना अब्बासचाचा म्हणत असू. पोलादपूरकडच्या वाड्यांतून मुंबईला जाणारी माणसं आमच्या मोटारीने महाडला यायची, रात्री आमच्या पडवीत किंवा बंदरावर पथारी टाकायची आणि ओहोटीबरोबर लाँचने बाणकोटला जाऊन मुंबईची बोट पकडायची. आज त्याच रस्त्याने सरकारी गाड्या धूर सोडत कशेडीकडे जातात आणि लाँच होती हे सांगितलं तर माझी मुलं ऐकून घेतात, एवढंच.

मी मॅट्रिक झालो होतो आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. न ठरलेल्या मुलाला घरात फार मत असतं, तसं मला होतं. त्या उन्हाळ्यात पेट्रोलची चणचण भासू लागली. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी सगळेच व्यापारी डबे मागवत, त्यात आमच्या वाट्याला थोडे आले. वाचनालयातल्या एका वर्तमानपत्रात मी वाचलं होतं, की परदेशात पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळून मोटारी चालवतात. मी ते नानांना जेवताना सांगितलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नाना म्हणाले, "चालते ना? मग बघू." त्यांच्या ओळखीचे एक पारशी गृहस्थ मोहाच्या दारूच्या धंद्यात होते. त्यांच्याकडून सगळ्यांत कडक स्पिरिट डब्यांतून आलं. परवान्याचं काय केलं ते नानांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच सुमारास धोंडू रजेवर आला होता. धोंडू पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. त्या वाडीला शाळा नव्हती, म्हणून तो लहानपणी आमच्याकडे राहून मराठी चौथीपर्यंत शिकला. माझ्यापेक्षा थोडा मोठा, त्यामुळे माझी दप्तराची पिशवी तो उचलायचा आणि माझा मारही कधीकधी तोच खायचा. पुढे तो मुंबईला गिरणीत लागला. बरीच वर्षं बदलीवर काढल्यावर त्याला नुकतीच कायमची जागा मिळाली होती. वर्षभरापूर्वी लग्न झालं होतं. घराचं छप्पर शाकारायला म्हणून तो रजा घेऊन आला, ते आटोपलं आणि बोटीच्या आठवडाभर आधीच तो आमच्याकडे मुक्कामाला उतरला. त्याच्या गिरणीचा जॉबर, म्हणजे मागांवर माणसं लावणारा मुकादम, त्याला बजावून बसला होता, की सोमवारी सकाळच्या भोंग्याला उभा नसलास तर तुझी जागा दुसऱ्याला.

मोटारीत आम्ही मिश्रण घातलं, पेट्रोल जास्त, स्पिरिट कमी. मोटार सुरू व्हायला थोडी कुरकुरली, पण एकदा तापल्यावर अशी पळाली, की नाना पोलादपूरच्या चढावर स्वतःशी हसत होते. दोन-चार फेऱ्या तशा झाल्या. मग एका सकाळी ती बंदरापाशी उभी राहिली आणि इंजिनाखालून पेट्रोल टपटप गळायला लागलं. मी आणि धोंडूने कार्बोरेटर उघडला. त्यात बुचाचा एक गोळा पेट्रोलवर तरंगतो. पेट्रोल पुरेसं झालं की तो वर येऊन वाट बंद करतो. आमचा गोळा तळाशी बसला होता, बोटाने दाबला तर स्पंजासारखा ओला.

"वसंता," धोंडू म्हणाला, "तुझी मोटार दारू प्याली. आता ओकते हाय."

"गप रे. गोळा बुडालाय."

"दारू प्याल्यावर बुडतोच. आमच्या वाडीत ये, दाखवतो."

त्या बुचावर चपड्याचा, म्हणजे लाखेचा लेप असतो, पेट्रोल आत मुरू नये म्हणून. तो लेप पूर्ण गेला होता. मी पॉलिशवाल्याकडून चपडा आणला, पातळ करून गोळ्यावर चढवला, उन्हात वाळवला, बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या घरासमोर तो पॉलिशवाला रोज सकाळी ओट्यावर बसून चपडा बाटलीत टाकायचा आणि वरून स्पिरिट ओतून बाटली हलवायचा. स्पिरिटमध्ये चपडा विरघळतो हे मी चालायला लागल्यापासून बघत आलो होतो, आणि मॅट्रिक होऊनही मी स्पिरिटमध्ये चपडा लावलेली वस्तू बुडवून ठेवली होती. मला लाज वाटली, पण ती फार वेळ टिकली नाही. लगेच दुसरी गोष्ट सुचली. लाँचच्या इंजिनातला गोळा बुचाचा नव्हता, पितळेचा पोकळ होता. त्याला चपडा नाही, मग विरघळायचं काय? तेव्हा मोटारीला निव्वळ पेट्रोल घालायचं आणि लाँचला मिश्रण. नानांना ते पटलं. अब्बासचाचा म्हणाले, "पोर शिकलाय, त्याचा कायतरी फायदा व्हायला हवा ना."

लाँच चालवण्याची अब्बासचाचांची एक पद्धत होती. खाडीवरच्या हवेने टाकीत रोज थोडं पाणी धरायचंच, शिवाय झाकणातून शिंतोडे जायचे. पाणी पेट्रोलच्या तळाला बसतं आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळापासून जरा वर असते, त्यामुळे थोडं पाणी असलं तरी बिघडत नाही. तरी पण चाचा रोज सकाळी नमाज झाला की टाकीखालची तोटी उघडून नारळाच्या करवंटीत पाणी काढायचे. करवंटीला पेट्रोलचा वास आला की तोटी बंद. याला ते टाकीचं तोंड धुणं म्हणायचे. मिश्रण घातल्यावर पहिल्या सकाळी त्यांनी तोटी उघडली तर पाण्याचा थेंब नाही, पहिल्या धारेलाच वास. दुसऱ्या सकाळी तसंच. चाचांनी करवंटी माझ्यापुढे धरली. "बघ. पाणी पिऊन टाकतंय तुझं स्पिरिट. टाकी कशी हाय? धुतलेल्या भांड्यासारखी." आम्ही सगळे खूश झालो. पाणी गेलं असं आम्हाला वाटलं. ते कुठे गेलं, हा प्रश्न ज्याला पडायला हवा होता तो मीच होतो.

धोंडूला आदल्या बोटीने जायचं होतं. ती बोट त्याला सोमवारच्या पुष्कळ आधी मुंबईला पोचवणार होती. मी त्याला ठेवून घेतलं. मोटारीचा गोळा पुन्हा बसवायला दुसरा हात हवा होता, हे एक कारण. आणि मिश्रणावर लाँच कशी जाते ते त्याने बघावं, हे दुसरं. खरं तर दुसरंच. मी म्हणालो, "पुढच्या बोटीने जा. रविवारी संध्याकाळी मुंबई. मी स्वतः येतो बाणकोटपर्यंत."

"जॉबर माझा मामा नाय रे."

"रविवारी पोचतोस म्हणतो ना. आईने फणस फोडायला काढलाय."

"फणसाचं आधी नाय का सांगायचं," असं म्हणून तो राहिला. त्याची बायको चंद्रा त्याला निरोप द्यायला मोटारीतून महाडला आली, भाकऱ्या, सुकी मासळी आणि भाजलेल्या काजूंचं गाठोडं घेऊन. ती आईपाशी चुलीजवळ बसली आणि घर सोडून बंदरावर काही आली नाही. "जाताना बघितलं की मग लय दिस तेच दिसत ऱ्हातं," असं तिने आईला सांगितल्याचं मला मागाहून कळलं.

शनिवारी पहाटे उजाडता उजाडता ओहोटी लागली तशी लाँच सुटली. वाडीवाडीची मुंबईवाली माणसं होती, एक बाई आणि तिचं लहान पोर, गाठोडी, ट्रंका, एकाचा कोंबडा. दासगाव गेलं, आंबेत-म्हाप्रळ गेलं, इंजिन एका लयीत चालत होतं, आणि मी टाकीपाशी असा बसलो होतो जसा काही ते मीच चालवतोय. धोंडू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "हळू बसा. लाँच प्यायलेली हाय, कलंडेल." माणसं हसत होती. खाडी रुंद झाली तसा वारा वाढला. पावसाळा तोंडावर आला होता, समुद्र आतून ढवळायला लागला होता. बाणकोट दिसू लागलं, किल्ल्याखालचं बंदर दिसलं, आणि खाडीच्या मुखाच्या पलीकडे उभी असलेली बोटही दिसली. त्या लाटांत लाँच पुढून-मागून हेलकावे खाऊ लागली आणि टाकीच्या झाकणावर पाणी आपटायला लागलं. चाचांनी गोणपाटाचा तुकडा झाकणावर दाबला. एरवी त्याने भागत असे.

इंजिन खोकलं. पुन्हा चाललं, पुन्हा खोकलं आणि बंद पडलं. चाचांनी दांडा फिरवला, मी फिरवला, धोंडूने फिरवला. मग चाचांनी तोटी उघडून करवंटी लावली. आत आलं ते पाणी नव्हतं आणि पेट्रोलही नव्हतं. वास दारूचा होता. त्यांनी ते सांडलं, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. कितीही काढलं तरी संपेना. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, "हे काय हाय रे?"

ओहोटी आम्हाला मुखाकडे ओढत होती. मुखाशी वाळूचा उंचवटा आहे, तिथे लाटा फुटत होत्या. चाचांनी दोन्ही वल्ही बाहेर काढली, माणसांनी मारून पाहिली, पण भरलेली लाँच वल्ह्यांना दाद देईना. तेव्हा त्यांनी नांगर टाकला. दोर ताणला, लाँच फिरली आणि जागेवर थांबली. बंदरावरचा पडाव, म्हणजे बोटीपर्यंत उतारू नेणारी मोठी होडी, केव्हाच भरून निघाला होता. चाचांनी डोकीचं मुंडासं काढून हलवलं. पडावातल्या कुणीतरी उलट हात हलवला. त्यांना वाटलं असावं, की आम्ही निरोप देतोय.

धोंडू पुढे गेला आणि नांगराच्या दोरापाशी बसला. "चाचा, सोडा की नांगर. व्हावत जाऊ. बोट तिथंच तं हाय."

"तिथं बोट हाय आणि मध्ये लाटा हायत."

"मला पवता येतं."

"या बाईला येतं? त्या पोराला येतं?" चाचांनी दोरावर पाय ठेवला. "बस तिकडं. मला उद्या तुझ्या बायकोला तोंड दाखवायचं हाय."

धोंडू बसला नाही, उभाच राहिला. बोटीचा भोंगा झाला. बोट निघून जाताना फार हळू जाते हे मी तेव्हा पाहिलं. ती जातेय असं वाटतच नाही, आणि मग एकदम ती लहान झालेली असते. धोंडूच्या शर्टाच्या खिशात गिरणीचा बिल्ला होता. तो त्याने बाहेर काढून पाहिला आणि परत ठेवला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "फणस बाकी चांगला व्हता."

भरती फिरेपर्यंत आम्ही तिथेच होतो. धोंडूने आपलं गाठोडं सोडलं आणि भाकऱ्या, काजू सगळ्यांत वाटले. कोंबडेवाला म्हणाला, "मुंबईला काय खाशील?" त्यावर तो म्हणाला, "मुंबईची भाकरी हितंच खायची व्हती म्हणायचं." भरतीबरोबर वल्हवत, वाटेत एका शिडाच्या मचव्याची मदत घेत, आम्ही दिवस कलायच्या सुमारास महाडला लागलो. नाना बंदरावर होते. लाँचमधून धोंडू उतरताना दिसला तेव्हा ते तडक वळले. मोटारीकडे गेले आणि पडवीतले निव्वळ पेट्रोलचे उरलेले डबे टाकीत ओतायला लागले. धरमतरपर्यंत रस्त्याने न्यायचं, तिथून मुंबईची लाँच मिळते, असं त्यांनी ठरवलं होतं. वाटेत नद्यांना पूल नव्हते, गाडी तरीवर चढवून पार न्यावी लागे, रस्ता खराब होता, सोमवारचा भोंगा गाठणं कठीण होतं. ते सगळ्यांना माहीत होतं.

मोटार तयार होईपर्यंतच्या त्या वेळात मी एक काम केलं. औषधाची एक पांढरी, आरपार दिसणाऱ्या काचेची बाटली घेतली, तीत पडवीतलं मिश्रण भरलं आणि वरून थोडं पाणी टाकून हलवली. पाणी नाहीसं झालं. आणखी थोडं टाकलं आणि हलवली. बाटली एकदम दुधासारखी गढूळ झाली, मग हळूहळू निवळली, आणि आत दोन थर झाले. वर पेट्रोल, आणि खाली पाण्यासकट सगळं स्पिरिट. खालचा थर मी टाकलेल्या पाण्याच्या कितीतरी पट जाड होता. रोज सकाळी करवंटीत जे पाणी आलं नाही, ते स्पिरिटने पोटात घेतलं होतं, आणि लाटांचं पाणी जास्त झाल्यावर दोघं मिळून तळाला बसले होते, नळीच्या तोंडाच्याही वर. हे इतकं सोपं होतं. बाटली घरात होती, पाणी घरात होतं. मी ते आठवडाभर आधी करू शकलो असतो.

मी बाटली नानांना दाखवली, चाचांना दाखवली. नाना म्हणाले, "समुद्र खवळला नसता तर पोचला असतात." चाचा म्हणाले, "नशीब." धोंडूने बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली, थोडी हलवून थर मोडले आणि पुन्हा बसू दिले. मग त्याने आतलं सगळं गटारात ओतलं, बाटली राखेने धुतली आणि चुलीपाशी बसलेल्या चंद्राला दिली. "ही घे गो. चांगली बाटली हाय, घरात ऱ्हाऊ दे." आणि नानांच्या शेजारी मोटारीत जाऊन बसला. मी मागे चढणार होतो. नाना म्हणाले, "तू नको. वजन होतं."

धोंडू मंगळवारी गिरणीच्या दाराशी पोचला. जागा गेली होती. त्याने काही दिवस तिथेच उभं राहून पाहिलं, मग गोदीत कोळशाच्या कामाला लागला. बारा-पंधरा वर्षं त्याने कोळसा ओढला. वर्षा-दोन वर्षांनी गावी येताना आमच्याकडे उतरायचा, आईच्या हातचं जेवायचा, आणि मला 'काय रे, तुझी मोटार काय पिते आता?' असं विचारायचा. ते विचारताना त्याच्या आवाजात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मी अनेकदा बोलायला सुरुवात केली, आणि प्रत्येक वेळी तो दुसरंच काहीतरी काढायचा. छातीचा खोकला घेऊन तो कायमचा वाडीत परत आला तेव्हा नाना गेले होते, लाँच मोडीत निघाली होती, मोटारीचा सांगाडा बंदराशी गंजत पडला होता. गिरणीतल्या त्याच्या वेळची पुष्कळ माणसं तोवर रजा-बिजा घेऊन, जॉबर होऊन, चांगली चाललेली मी पाहत होतो. गिरणीतल्या कापसाच्या धुळीनेही छाती जाते, असं मला एका डॉक्टरांनी सांगितलं. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

मागल्या वर्षी मी त्याच्या वाडीत गेलो. जाताना ठरवूनच गेलो होतो, की या वेळी त्याला बोलू द्यायचं नाही, सगळं आपणच एकदम सांगून टाकायचं. वाट चढताना मी वाक्यं जुळवत होतो. तू आदल्या बोटीने निघाला होतास. तुला मी ठेवून घेतलं. मला तुला दाखवायचं होतं. एवढी तीन वाक्यं होती, जास्त नव्हती.

तो ओट्यावर घोंगडीवर बसला होता. मला बघून म्हणाला, "ये. चढलास? मला वाटलं, तुलाबी आता इंजिन लागतं." चंद्राने गुळाचा चहा केला. मी बसलो, कप हातात घेतला, आणि पहिलं वाक्य तोंडाशी आलं तेवढ्यात ती दिवेलागणीची म्हणून चिमणी घेऊन बाहेर आली. पांढऱ्या बाटलीची चिमणी होती. बुचाला भोक पाडून पत्र्याच्या नळीतून वात काढलेली. काच खालच्या अंगाला जरा निळसर, गळ्याशी एक टवका उडालेला. ती बाटली मी कुठेही ओळखली असती.

मी तिच्याकडे बघतोय हे चंद्राने पाहिलं. "तुमच्याच घरची हाय ती, भावोजी," ती म्हणाली. "यांनी दिल्यापासनं हिच्यातच घासलेट घालते. लय टिकली." मग वात वर सारता सारता तिने नवऱ्याला विचारलं, "हिच्यात तवा काय व्हतं वो? लय निरखून बघत व्हतात दोघं."

धोंडू खोकला. खोकला थांबेपर्यंत ती चिमणी धरून उभी राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"काय नाय," तो म्हणाला. "पाणी व्हतं."

तिने चिमणी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली आणि आत गेली. चहा निवत चालला होता, तो मी पिऊन टाकला.